घोडं दुसऱ्याचं, आवार अप्पांचं

पागामालक म्हणजे ज्याच्या आवारात घोड्या बांधलेल्या असतात, पण त्यांच्या शेपटीच्या एका केसावरही ज्याचा हक्क नसतो असा गृहस्थ. उमरगा तालुक्यातल्या मुरूमसारख्या बाजारपेठेच्या गावात तो हमखास आढळतो. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, खिशात डायरी, मुलं पुण्याला. गाव त्याला अप्पा म्हणतं, घोडेवाला मालक म्हणतो, आणि घोडी त्याला पाहिलं की खिंकाळते. पहिल्या दोन हाका त्याला सवयीच्या असतात. बिघाड होतो तो तिसरीने.

पागा कोणी मुद्दाम बांधत नाही, ती उरते. ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि वाड्याच्या मागचा गोठा मोकळा पडला. त्यातच ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने उमरगा आणि औसा तालुक्यांतल्या माणसांचा दगड-मातीच्या भिंतींवरचा आणि माळवदावरचा भरवसा मोडला. पुढे जे उभं राहिलं ते पत्र्याचं. जुनी दावण, दगडी हौद, एक लिंबाचं झाड, मागच्या गल्लीत उघडणारं फाटक आणि वर पत्र्याचं शेड एवढं असलं की पागेची सगळी सामग्री जमली. अशा जागेवर पहिली नजर सेंट्रिंगवाल्याची असते. तो लोखंडी प्लेटा ठेवायला जागा मागतो, भाडं जास्त देतो आणि वेळेवर देतो. अप्पा त्याला नाही म्हणतात. प्लेटा पाणी पीत नाहीत हे त्यांना कळतं, पण दारात प्लेटा आहेत असं सोयऱ्यांना सांगता येत नाही. दारात घोडं आहे असं सांगता येतं.

भाडेकरू म्हणजे घोडेवाला. त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या दोन घोड्या असतात, पण खरा धंदा दुसऱ्यांची घोडी सांभाळण्याचा. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, तिकडे नंदुरबारच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोडेबाजार उभा राहतो. तिथून कोणीतरी हौशी बागायतदार, नाहीतर नुकताच नगरसेवक झालेला तरुण, एखादं शिंगरू घेऊन येतो. घेताना चारी पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी पाहतो, देवमन भोवरा पाहतो. बांधायचं कुठे, हे तेवढं पाहत नाही. तिसऱ्या दिवशी शिंगरू घोडेवाल्याच्या स्वाधीन होतं. घोडेवाला ते अप्पांच्या आवारात आणून बांधतो. महिन्याची सांभाळणूक घोडेवाला घेतो, आवार अप्पांचं वापरतो आणि अप्पांना सांगतो, "पाहुणं हाय, चार दिसांत जातंय." दोन घोड्यांची बोली झालेल्या पागेत वर्षाअखेर पाच दिसतात ती अशी.

कराराचा भाग थोडा सविस्तर सांगावा लागतो, कारण पागामालकाचा स्वभाव इथेच उघडा पडतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांच्या कराराची चाल पडली. महाराष्ट्रात ती पळवाट १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने बुजवली. तो कायदा जिथे लागू आहे तिथे करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. अप्पांना यातला अकरा हा आकडा तेवढा पाठ असतो. तो ते चावडीवर, चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत सांगतात. कागद मात्र डायरीच्या पानापलीकडे गेलेला नसतो.

"भाडं महिन्याच्या महिन्याला पायजे बघा, वस्ताद."

"देतो की अप्पा. घोडं घेऊन कुठं पळून जायलाव काय?"

गावातल्या समस्त स्थावर-जंगमात पळून जायला सगळ्यात सोयीचं असं घोडंच असतं, हे त्या क्षणी अप्पांच्या ध्यानात येत नाही. शब्द दिला, घेतला, वर चहा झाला. याच जिल्ह्यात खंडोबाची मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात असते, आणि देव हलवताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. घोड्यावर बसणाऱ्या देवाला मुदत आणि कागद चुकलेला नाही. घोडेवाल्याला तो चुकतो. अप्पा दर वर्षी मैलारपुरच्या यात्रेला जातात, भंडारा उधळतात आणि मोकळ्या हातांनी परत येतात.

इंग्लंडात घोडी भाड्याने ठेवण्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिल्यात जागा तेवढी त्यांची, बाकी तुमचं तुम्ही पाहायचं. दुसऱ्यात कामं वाटून घ्यायची. तिसऱ्यात चारा, पाणी, खरारा, लीद सगळं पागेवाल्याकडे, आणि त्याचे पैसे अर्थातच सगळ्यात जास्त. मुरूमचा पागामालक पहिल्या प्रकारात शिरतो आणि दोन वर्षांत तिसऱ्यात पोचतो, भाडं मात्र पहिल्याच प्रकाराचं राहतं. हा प्रवास कोणी ढकलल्याने होत नाही. सुरुवात पाण्यापासून होते. घोडं दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात आणखी. मराठवाड्यातल्या छोट्या गावांत नळ रोज येत नाही. घोडेवाला वरातीला गेलेला असतो, हौद कोरडा असतो, घोडी रिकामा हौद नाकाने ढोसत असते. अप्पा चार घागरी ओततात. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओततात. तिसऱ्या दिवशी बोअरचा पाइप हौदापर्यंत ओढतात आणि त्याचा खर्च डायरीत 'येणे' या सदरात लिहितात. ते सदर त्या दिवशी उघडतं, पुढे कधी बंद होत नाही.

पाण्यामागून चंदी येते. भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, ज्वारीचा कडबा. अप्पांची सगळी हयात बैलांत गेलेली असल्याने घोड्यालाही ते बैलाच्याच मापाने मोजतात. बैल टोपलीभर खाऊन बसतो आणि सावकाश रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही, पोट देहाच्या मानाने लहान, आणि निसर्गाने त्याला ओकायची सोय ठेवलेली नाही. आत गेलेलं एकाच वाटेने बाहेर पडू शकतं, आणि ती वाट तुंबली की जिवावर बेततं.

हे ज्ञान अप्पांना बहुधा येळवशीच्या रात्री होतं. वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जाऊन आंबील पितं, भज्जी खातं. माळेगावची यात्राही त्याच सुमारास भरते, त्यामुळे घोडेवाला तिकडे असतो आणि त्याचा फोन बंद असतो. घरच्या अक्का रानातून उरलेले उंडे आणतात आणि मुकं जनावर म्हणून मायेने घोडीपुढे ठेवतात. रात्री दहाला घोडी पुढच्या पायाने जमीन उकरायला लागते, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहते, बसते, लोळायला जाते. उमरग्याहून डॉक्टर येतात, इंजेक्शन देतात आणि सांगतात की लोळू देऊ नका, चालवत ठेवा, लीद पडली की कळवा. मग अप्पा अंगावर घोंगडं घेतात, मोहोरकी धरतात आणि लिंबाच्या झाडाला फेऱ्या घालू लागतात. शेजारी उठून कट्ट्यावर बसतात. हेच शेजारी गेला महिनाभर लिदीच्या वासाची तक्रार घेऊन नगरपरिषदेत अर्ज करणार होते. एक घोडं दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतं, तिच्यात धनुर्वाताचे जंतू असतात, असं त्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी अर्जात लिहूनही ठेवलेलं असतं, आणि ते खरंच असतं. त्या रात्री मात्र गुरुजींसकट सगळ्यांची नजर घोडीच्या शेपटीकडे. पहाटे शेपटी उचलली जाते. अप्पा ओरडतात, "टाकली! टाकली!" अक्का देवापुढे साखर ठेवतात. घरात नातू झाला तेव्हाही एवढा आवाज झाला नव्हता, असं शेजारी पुढे कित्येक दिवस सांगतात.

सकाळी घोडेवाला येतो, घोडीच्या मानेवर हात फिरवतो आणि म्हणतो, "अप्पा, तुम्ही हाव म्हणून मी बिनघोर हाव." भाड्याची गोष्ट त्या महिन्यात निघत नाही.

भाड्याचं वेळापत्रक तसंही पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम उघडतो, पौषात थंडावतो, वैशाखात पैसा खेळतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मासाबरोबर घोडेवाल्याचा हात आखडतो. घोड्या मात्र चातुर्मासातही खातात. मागची बाकी घोडेवाला कधी नालबंदाच्या ओळखीत फेडतो, कधी लिदीत. लीद तो अप्पांना उदारपणे देऊन टाकतो आणि अप्पा ती कुंभाराला देतात, कारण माती मळताना कुंभाराला ती लागते. उरलेली फेड पुतण्याच्या लग्नात होते. परण्या निघतो, नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जातो, पुढे बँजो, मधे घोडी. त्या दिवशी घोडी फुकट. अप्पा वऱ्हाडाला सांगत सुटतात, "आपल्याच घरची हाय." नवरदेवाकडे कोणाचं लक्ष असो नसो, अप्पांचं नसतं. घोडीच्या मागच्या डाव्या पायाचा नाल वाजतोय, तो ढिला झालाय, हे अख्ख्या मिरवणुकीत त्यांना एकट्यालाच ऐकू येतं.

कायद्यालाही त्यांचं हे रूप मान्य आहे. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा, माणसालाही होणारा रोग आहे, आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने अशा रोगाचा संशय आला की कळवण्याचं काम जनावराच्या मालकावर, तसंच ते ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही टाकलेलं आहे. ताबा कोणाचा असं विचारलं तर गल्ली एकमुखाने अप्पांचं नाव घेईल. सातबारा आणि डायरी मिळून जे सिद्ध होत नाही ते गल्लीच्या साक्षीने होतं.

जागा खाली करून घ्यायचा विचार दर वर्षी एकदा येतो, बहुधा पुण्याचा मुलगा दिवाळीला आल्यावर. मुलगा हिशेब मांडतो, डायरीतलं 'येणे' एकत्र करतो आणि सेंट्रिंगवाल्याला फोन लावतो. अप्पांचं उत्तर तयार असतं. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सची जमीन १९१४ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर होती. मुदत २०१३ ला संपली. घोडे धावतच राहिले. २०२४ ला २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे यायचं ठरलं, ९१ एकर क्लबकडे राहिलं. "एवढ्या महापालिकेला अकरा वर्षं लागली," अप्पा म्हणतात, "आन् मी कोण?" इथेही त्यांना अकराच आठवतात. मुलगा पुण्याला परत जातो आणि जाताना शिंगरासोबत फोटो काढतो.

ज्यांचा गोठा अजून मोकळा आहे त्यांनी भाड्याचा आकडा ठरवण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: हौद कोण भरणार, घोडेवाला परगावी असताना रात्री घोड्यापाशी कोण निजणार, आणि पाहुणं घोडं आणायचं तर विचारायचं कोणाला. मग तो कागद उमरग्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी उरकावं, कारण त्यानंतर घोडेवाला घरी सापडत नाही.