जावयांसाठी पासशास्त्र

सदर मार्गदर्शिका पुणे, ठाणे व तत्सम प्रगत प्रदेशांतून चंद्रपूर-गडचिरोलीत उतरणाऱ्या जावईवर्गासाठी आहे. त्यातही ज्यांची एकदा जपानची सहल झाली आहे आणि तेव्हापासून जे आपल्याकडच्या प्रत्येक दारापाशी उसासा टाकतात, त्यांच्यासाठी विशेष. आमचे भाऊजी याच वर्गात मोडतात, हा योगायोग समजावा.

पूर्वपीठिका थोडक्यात. जपानात परदेशी पर्यटकांना रेल्वेचा पास मिळतो. २०२० पूर्वी तो स्टेशनावरच्या स्वयंचलित फाटकाशेजारच्या कर्मचाऱ्याला दाखवावा लागे. त्यानंतर फाटकाच्या फटीत सरकवता येईल असा निघाला. तो एका टोकाला आत जातो, दुसऱ्या टोकाला वर येतो, आणि तो उचलून घ्यायचा असतो. हे शेवटचं वाक्य भाऊजी आवाज खाली आणून सांगतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांचा पास २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. भाऊजी त्याआधीच जाऊन आले होते. ते समाधान पुरणपोळीच्या पंगतीतही त्यांच्या तोंडावर दिसतं.

आपल्याकडे एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासून आहे. ४ दिवसांचा किंवा ७ दिवसांचा पास काढा आणि राज्यभर हिंडा. आता नियम.

नियम पहिला: पास कुणी काढावा. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून फुकट प्रवास आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. म्हणजे ताई अर्ध्यात, आई फुकटात, आणि मधोमध पूर्ण भाड्याचे धनी एकटे भाऊजी, वय ६१. हा पास खरं म्हणजे अशाच सवलतहीन पुरुषांच्या सांत्वनासाठी असावा. त्यांनी तो ७ दिवसांचा काढला.

नियम दुसरा: फाटक शोधू नये. बसला एक दार असतं, ते बाहेरून जोरात ओढावं लागतं. पास सरकवायला त्यात फट नाही. पास वाहकाला दाखवायचा असतो, तोही त्याने मागितल्यावर. बस सुटण्याआधीच पास नाकासमोर धरून उभं राहिलं, तर ‘काका, समोर सरका ना जी, मागची मानसं चढू द्या’ एवढंच ऐकायला मिळतं. भाऊजींना हा पासाचा अपमान वाटला. चंद्रपूरच्या वाहकाने पास पाहून ‘बरं आहे’ म्हणणं म्हणजे फाटक उघडणं, हे त्यांना मूल गाव येईपर्यंत समजावून सांगावं लागलं.

नियम तिसरा: पासाने गाडी मिळते, जागा नाही. जागा रुमालाने मिळते.

नियम चौथा: वर्ग पाहून चढावं. साध्या बसचा पास शिवशाहीत चालत नाही. यावर भाऊजींची हरकत अपेक्षित असते. अशा वेळी शांतपणे विचारावं, तिकडे त्या पासावर सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीत जादा पैसे न भरता बसता येतं का? येत नाही. विषय संपतो. दोन स्टेशनांपुरता.

नियम पाचवा, आणि सगळ्यांत नाजूक: वसुली. भाऊजी वहीत रोज लिहीत होते, आज इतक्याचा प्रवास झाला, अजून इतका राहिला. इथे एक तांत्रिक बाब त्यांच्या लक्षात आली नव्हती. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि टप्पा असतो ६ किलोमीटरचा. तासांचा हिशेब त्यात धरत नाहीत. आलापल्ली ते सिरोंचा साधारण १०० किलोमीटर, म्हणजे सतराएक टप्पे. पण त्या रस्त्यावर ज्या वर्षी खड्डे जास्त, त्या वर्षी तेवढ्याच टप्प्यांना दुप्पट वेळ. रस्ता जितका वाईट तितकी ताशी वसुली कमी! कमरेचा हिशेब वेगळा, तो पासात येत नाही. पैसे वसूल करायचे असतील तर नागपूरच्या गुळगुळीत रस्त्यावर सात दिवस येरझारा घालाव्यात. सिरोंच्याला जाणाऱ्याने वही घरी ठेवावी. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, ते किती टप्प्यांचं आहे हे कुणी विचारत नाही.

नियम सहावा: मुक्कामी गाडी ओळखायला शिका. बसस्थानकावरची पाटी वाचून भागत नाही. नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन ‘हे गाडी परत कधी येते जी?’ असं विचारावं. संध्याकाळी आतल्या गावाला निघालेली गाडी तिथेच झोपते आणि पहाटे परत निघते. चालक-वाहकही तिथेच झोपतात. भाऊजींनी ‘अजून एक फेरी वसूल होईल’ म्हणून अशीच एक गाठली. रात्री आठला फोन आला, परतीची बस कुठून सुटते? मी म्हटलं, तुम्ही जिच्यातून उतरलात, तीच. सकाळी.

पुढचं त्यांनीच सांगितलं. वाहकाने वरच्या जाळीतून कुणाचं औषधाचं पाकीट, कुणाची शाळेची वह्यांची पिशवी काढून घरोघरी पोचवली, मग भाऊजींनाही एका ओसरीवर पोचवलं. खाट मिळाली, भात मिळाला, आंबाडीची भाजी मिळाली. पैसे कुणी घेईनात. वहीत त्या रात्रीची रक्कम काय लिहायची, यावर ते बराच वेळ अडले होते. मला विचाराल तर पुढचे दोन दिवस भाऊजी पुष्कळ सुसह्य होते.

नियम सातवा: ताडोब्याच्या गेटवर हा पास काढूच नये. तिथलं बुकिंग वेगळं, ओळखपत्र वेगळं, आणि मंगळवारी गेट बंद. पावसाळ्यात कोअर भाग तीन महिने बंद असतो. मोहर्लीच्या गेटवर ‘पण माझ्याकडे सात दिवसांचा पास आहे’ असं म्हणणाऱ्या गृहस्थांशी आमचं काही नातं नाही.

नियम आठवा: रेल्वेची चौकशी गडचिरोलीत करू नये. आजवर या जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंतची लाईन अजून व्हायची आहे. ‘मग इथली माणसं जातात कशाने?’ असं भाऊजींनी विचारलं, तेही एसटीत बसून. अहेरीहून गर्देवाड्याला बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ ला, स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी. स्वयंचलित फाटकाची चर्चा त्यानंतरच्या क्रमांकावर आहे. हे मी जरा चिडूनच सांगितलं, नियमावलीच्या भाषेत बसत नाही, पण राहू द्या.

नियम नववा: मोहाच्या हंगामात पोत्यांच्या बाजूची जागा धरू नये. वास कपड्यांना लागतो आणि ताई भलतीच शंका घेते.

नियम दहावा: पास हरवू नये. दुसरा मिळत नाही. भाऊजींनी तो जपानी पासाच्या कव्हरात ठेवला होता, ही त्यांची एकमेव निर्दोष कृती.

शेवटची सूचना. पासाची मुदत अखेरच्या दिवशी रात्री १२ वाजता संपते. गाडी तेव्हा भर जंगलात असली तरी संपते, आणि पुढच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं. म्हणून सातव्या दिवशी उशिराची गाडी धरणाऱ्या जावयांनी खिशात सुटे पैसे ठेवावेत. मेहुण्याकडे मागू नयेत.