उतरतीचे दरवाजे

खोडदच्या माळावर जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर रुंदीच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या असतात, घासून उन्हात वाळत घातलेल्या परातींसारख्या. अशा ३० तबकड्यांनी टिपलेलं आभाळ काचतंतूंतून संगणकघरात उतरतं आणि तिथे आभाळाचीही डेटा-पाकिटं होतात. असली पाकिटं हाताळणारा लिनक्स कर्नलचा नेटवर्क कोड मी परवा जुन्नरच्या आजोळी, ओसरीवर बसून वाचत होतो. त्यात यशाला दोन ओळी पुरतात. अपयशाचा संसार मोठा. आधी मेमरी मागायची, मग कुलूप घ्यायचं, मग नोंद करायची. मध्येच काही फसलं, तर जे जे घेतलं ते उलट्या क्रमाने परत करत बाहेर पडायचं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९६८ साली पत्र लिहून ज्या 'गोटू'ला, म्हणजे 'अमक्या पाटीपाशी उडी मार' या आज्ञेला, वाळीत टाकलं, तोच इथे परतीची वाट दाखवतो.

ही शिस्त मला शिवनेरीने शिकवली. गडाला सात दरवाजे. लहानपणी मामा प्रत्येक दरवाजाशी माझं एकेक ओझं लपवायचे: इथे काठी, तिथे करवंदांचा द्रोण. दम लागून चौथ्या दरवाजावरून मागे फिरलो, तरी चार, तीन, दोन, एक असे मोजत सगळं गोळा करायचं. एकदा मात्र वळवाने पायथ्याशीच गाठलं. पहिला दरवाजाही ओलांडला नव्हता, तरी मामांनी भिजत भिजत सातापासून एकापर्यंत मोजायला लावलं, मगच घरी नेलं.

कोडमध्ये नेमकं तेच सापडलं. पहिल्याच तपासणीत काम फसलेलं, हातात काहीही घेतलेलं नाही, तरी 'गोटू आउट'. आणि 'आउट'पाशी पोचावं, तर तिथे फक्त 'परत जा' लिहिलेलं! जणू रिकाम्या दरवाजाला केलेला नमस्कार. मी ती पाटी पुसली, जागच्या जागी उणे बारा, म्हणजे 'मेमरी नाही', एवढा निरोप देऊन सरळ परतायची सोय केली. चार ओळी गेल्या, वाचणाऱ्याची एक पायपीट वाचली.

संध्याकाळी मामांना घेऊन गडाखाली गेलो. आता त्यांचे गुडघे चढू देत नाहीत. थोडा वेळ वर बघत बसलो. अंधारू लागलं तसं म्हटलं, "मामा, चला."

"थांब," ते म्हणाले, "सात, सहा, पाच..."

कोडमधली पाटी मी पुसली. ही मात्र राहू दिली.