नऊ फुलं आणि एक पान

अहो, ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडचं ब्रह्मकमळ! फुललं हो, एकदम नऊ फुलं. पण त्या रात्री जे काही झालं ना… थांबा हं, दूध ठेवलंय, गॅस बारीक करून येते.

हं, तर काय सांगत होते. काकूंनी नातवाला दारोदार पिटाळलं, ‘आठनंतर फूल बघायला या.’ कुंडीभोवती रांगोळी, समई, पेढे आणि काकू चक्क पैठणीत! गॅलरी ती केवढीशी, त्यात आम्ही पंधराजणी. साडेआठला कळीचं तोंड जरासं किलकिलं झालं, मग तासभर ढिम्म. बसल्या बसल्या ज्याच्या त्याच्या कुंड्या निघाल्या. माझ्या जास्वंदीवर तो पांढरा कापूस धरलाय ना, मेला पिठ्या ढेकूण, त्यावर समोरच्या वहिनींनी सांगितलं, लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, आणि फवारायचं ते ऊन उतरल्यावर. बाकी बाई हुशार हो. नाहीतर आपल्या वरच्या! गुलाबाला चहाचा चोथा घालतात, तोही दूध-साखरेसकट. मुंग्या लागतील नाहीतर काय!

ते जाऊ द्या. साडेअकराला फुलं उमलली पूर्ण. पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, आत केसरांची झालर, मधोमध इवलीशी चांदणी. वास तर असा की आमच्या सासूबाईंनी चष्मा काढून डोळेच मिटले. काकूंनी आरतीचं तबक उचललं आणि त्यांची धाकटी सून, ती हो, बॉटनी शिकवते ती, हळूच म्हणते, ‘आई, आरती करा खुशाल, पण हा निवडुंग आहे. मूळचा मेक्सिकोकडचा.’

तबक हवेतच!

एवढ्यावर थांबेल तर सून कसली. म्हणे खरं ब्रह्मकमळ हिमालयात, १२ हजार फुटांवर, उत्तराखंडचं राज्यफूल आहे ते, आणि कूळ सूर्यफुलाचं. पुण्यात कशाला मरायला येतंय! आणि हे आपण पान पान म्हणतो ना, ते पानच नाही, चपटं खोड आहे. म्हणून तर कळी त्याच्या कडेच्या खाचेतून फुटते. काकूंचा चेहरा… फाटलेलं दूध बघा. कारण ते रोप बद्रीनाथहून आणल्याचं आपण दहादा तरी ऐकलंय, हो की नाही? प्रसाद म्हणून दिलं म्हणे पुजाऱ्यांनी!

खरी गंमत तर पुढेच आहे. पहिल्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना धड ऐकू येत नाही असं आपण समजतो, त्या कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘म्हणजे पाच वर्षांपूर्वी माझ्या कुंडीतलं पान मोडलं ते मांजराने नव्हे तर!’ अय्या, काय शांतता पसरली! मग कुणीतरी पुटपुटलं, चोरलेलं रोप चांगलं जगतं म्हणतात… आणि हळूहळू काय काय बाहेर आलं म्हणून सांगू! मोगरा कुणाचा, मनीप्लांट कुणाचा. वहिनींचा पुदिनासुद्धा आमच्याच डब्यातला निघाला. आजी मात्र एकदम खूश. दोन पेढे जास्त घेतले आणि काकूंना म्हणाल्या, ‘माझ्याकडे तीनच फुलायची गं, तू काय घालतेस?’ काकू रडवेल्या होत्या, त्या झाल्या की सुरू! शेणखत किती, पालापाचोळा किती, पाणी बेताचंच नाहीतर बूड कुजतं… सकाळी बघते तर नऊच्या नऊ फुलं माना टाकून.

अगंबाई, दूध! नाही, बंद केलंय वाटतं सासूबाईंनी.

बरं, जरा इकडे या, कुंपणाजवळ. हे घ्या. हळू, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलंय. आरतीच्या गडबडीत सगळ्यांचे डोळे मिटलेले होते ना… लगेच लावू नका हं, दोन-तीन दिवस सावलीत तुटलेली बाजू सुकू द्या, मग रेतीमिश्रित मातीत खोचा. आणि कुणी विचारलंच तर बद्रीनाथचं म्हणून सांगा.