असू दे एक प्रत

आमच्या अण्णांचा वेबसाइटवर विश्वास नाही. तिथं लिहिलेलं खोटं असेल असं त्यांना वाटत नाही, ते उद्या तिथं असेल याची खात्री वाटत नाही. सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. "शाईनं लिहिलेलं बदललं तर खाडाखोड तरी दिसते," ते म्हणतात, "इथं रात्रीत दर बदलतात आणि पान कोरं करकरीत." त्यामुळे मी मुदत ठेवीचे व्याजदर उघडो की घरपट्टीची पावती, मागून आवाज येतो, "असू दे एक प्रत."

रेशनकार्डाच्या झेरॉक्सचीही झेरॉक्स जपणाऱ्या घरात हे साहजिकच. जुन्या संगणकांवर 'प्रिंट स्क्रीन'चं बटण दाबलं की पडद्यावरचा मजकूर खरोखर प्रिंटरमधून कागदावर उतरायचा, हे ऐकून अण्णा हळहळले. चांगल्या गोष्टी बंद करण्यात काय मिळतं लोकांना?

पण त्यांना हवं अख्खं पान. "शेवटच्या अटी बारीक अक्षरात असतात, त्याच आधी." म्हणून ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन बसवायला घेतलं. त्यानं परवानगी मागितली : सर्व संकेतस्थळांवरची तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे. अण्णांनी चष्मा वर केला. "फोटो काढायला आलेल्याला कपाटाच्या किल्ल्या कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. फायरफॉक्समध्ये 2017पासून ही सोय आतच आहे, पण आमच्याकडे क्रोम, आणि क्रोमच्या पोटातली तशीच सोय शोधायची तर डेव्हलपरांच्या खिडकीत शिरावं लागतं. शेवटी किल्ल्या दिल्या.

ब्राउझर एक्स्टेन्शनला फक्त डोळ्यांसमोरचा भाग टिपू देतो, क्रोममध्ये सेकंदाला फार तर दोनदा. म्हणून ते पान स्वतःच खाली सरकवतं, टिपतं, पुन्हा सरकवतं आणि तुकडे जोडतं. माउसला हात न लावता पान सरकताना पाहून आईनं देवाकडे पाहिलं. चित्र आलं ते असं : पडद्याला चिकटून बसणारी कुकीची पट्टी वीतवीतभर अंतरावर हजर, आणि स्क्रोल केल्यावरच उगवणाऱ्या चित्रांच्या जागी पांढरे चौकोन. "एवढ्या वेळा 'स्वीकारा' म्हणतायत म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे," अण्णा म्हणाले. मग त्याचा प्रिंट काढला. ती लांबलचक पट्टी ए-फोर कागदाच्या मधोमध सुतळीएवढी होऊन उभी राहिली. अण्णांनी भिंग घेतलं आणि बारीक अक्षरातल्या अटी प्रथमच खऱ्या अर्थानं बारीक झाल्या.

तरीही प्रत फाइलला लागली. पुढचा प्रश्न ठरलेलाच : "साक्षांकित कोण करणार?" मी चेष्टेत म्हटलं, त्यालाही कायदा आहे. आणि खरंच आहे. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असला पुरावा न्यायालयात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं : भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. निवृत्तीनंतर इतके खूश झालेले अण्णा मी पाहिले नव्हते. नमुना कुठं मिळतो, भाग ब कोणाकडून भरून घ्यायचा, शिक्का गोल की चौकोनी, अशी चौकशी जेवण होईपर्यंत चालली.

ती थांबावी म्हणून मी बँकेच्या पानावर राइट क्लिक केलं, 'इन्स्पेक्ट' उघडलं आणि व्याजदरातल्या 7च्या आधी 1 टाइप केला. पडद्यावर 17 टक्के. बँकेच्या मूळ पानाला धक्काही लागलेला नाही, बदल फक्त आमच्या ब्राउझरपुरता. स्क्रीनशॉट मात्र झकास आला, कुठं खाडाखोड नाही.

अण्णा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता फायली जाणार माळ्यावर.

"ह्याची काढ एक प्रत," ते म्हणाले. "तुझ्या मामाला पाठवू. मागच्याच महिन्यात त्यानं मला न विचारता साडेसहानं पैसे ठेवलेत."