मृगातले बाबा

आमच्या भाऊजींचं पितृत्व मृग नक्षत्राला सुरू होतं आणि आषाढी एकादशीच्या आसपास ओसरतं. एरवी वर्षभर ते फक्त ताईचे नवरे असतात, आणि तेही जमेल तसं.

मुलींवर प्रेम नाही असं नाही. भरपूर आहे. पण फेब्रुवारीत कुणी विचारलं की थोरली कितवीत आहे, तर ते आधी ताईकडे बघतात. ताईनं तीन बोटं दाखवली की ‘तिसरीत’ असं ठासून सांगतात. जून उजाडला की हाच माणूस अंतर्बाह्य बदलतो. असे बाबा घरोघरी असतात. वर्षभर शाळेच्या वाटेला जायचं नाही आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा आपणच काढल्यासारखं वागायचं. आमच्याकडचा नमुना तेवढा जरा अस्सल आहे, म्हणून त्याच्याविषयी लिहायचं.

2025 चा जून घ्या. त्या वर्षी पाऊस 26 मेलाच पुण्यात येऊन थडकला. ताईच्या पोटात गोळा आला. ‘आता हेही लवकर सुरू होतात की काय!’ पण भाऊजी पंचांगाला धरून चालणारे. 8 जूनला, रविवारी, मृग लागलं आणि चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, ‘यंदा मुलींच्या शाळेचं सगळं मी बघतो.’ हे ‘यंदा’ दरवर्षी असतं. ताई काही बोलली नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, ‘बघू दे गं. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.’

पहिली स्वारी वह्यांसाठी अप्पा बळवंत चौकात. तिथली जूनमधली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. काउंटरपाशी चार ओळी माणसं, सगळ्यांच्या हातात याद्या, आणि आतला पोरगा मान वर न करता ‘दोनशेपानी किती? एकेरी की दुहेरी?’ असं विचारत असतो. ताई जाते तेव्हा यादी पुढे सरकवते, वह्या मोजून घेते आणि निघते. भाऊजींना चर्चा लागते. कागद किती जीएसएमचा, शाई मागं फुटते का, चाररेघीतल्या मधल्या दोन रेघांत अंतर किती. मागच्या बायका ‘अहो, सरका की जरा’ म्हणेपर्यंत ते दुकानदाराला स्वतःच्या लहानपणच्या वह्यांबद्दल सांगत होते. यादीत नसलेल्या अर्धा डझन आलेख-वह्याही त्यांनी घेतल्या. चौथीत आलेख नसतो हे मी सांगितलं, तर म्हणाले, ‘लागेल कधीतरी.’ खरं आहे. सातवी-आठवीत लागेल.

मग गणवेश. भाऊजी गणवेश वाढत्या अंगाचा घेतात. हे त्यांनी वडिलांकडून घेतलं, वडिलांनी त्यांच्या वडिलांकडून, आणि ते अंग तीन पिढ्यांत कपड्याला कधी पुरलेलं नाही. पहिलीत जाणाऱ्या धाकटीचा पिनोफ्रॉक पोटऱ्यांपर्यंत आला. रेनकोट तर दप्तर आत घेऊनही वर एक मैत्रीण मावेल एवढा. धाकटी आरशासमोर उभी राहिली, बाहीतून बोटं बाहेर येतायत का ते बघितलं आणि शांतपणे म्हणाली, ‘हा कितवीत घालायचाय?’

लेबलं हे भाऊजींचं खास खातं. ऑफिसच्या प्रिंटरवर त्यांनी पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांकाची मोकळी चौकट आणि रक्तगट अशी लेबलं छापून आणली. वहीला रक्तगट कशाला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. दोघी ‘ब’ तुकडीत. सोमवारी, 16 जूनला, शाळा उघडली आणि कळलं की यंदा सगळ्या तुकड्या मिसळल्यात. थोरली ‘क’मध्ये, धाकटी ‘अ’मध्ये. ही गोष्ट व्हॅनवाल्या काकांना शुक्रवारीच माहीत होती. त्यांनी ताईला सांगितलीही होती. ताईनं ती भाऊजींना का सांगितली नाही, हा प्रश्न मी तिला एकटीला गाठून विचारला. ती म्हणाली, ‘शंभर लेबलं चिकटवून झाली होती गं. चेहरा बघवला नसता.’

आता कव्हरं. या संध्याकाळबद्दल सविस्तर लिहिलंच पाहिजे, कारण भाऊजींच्या वर्षातला हा सर्वोच्च बिंदू असतो. दिवाळीसुद्धा याच्या खाली.

मुलींची शाळा अनुदानित, त्यामुळे बालभारतीची पुस्तकं पहिल्या दिवशी शाळेतूनच फुकट मिळतात. म्हणजे आधी कव्हरं घालून ठेवायची सोय नाही. यावर भाऊजींनी तोड काढली होती. थोरलीच्या तिसरीच्या पुस्तकांची मापं घेऊन खाकी कागद आधीच कापून, घड्या घालून, गठ्ठा बांधून तयार. पण मधल्या काळात सरकारनं एक गोष्ट केली होती. 2023 पासून तिसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत, मध्ये वहीसारखी कोरी पानं घालून निघत होती. दप्तर हलकं व्हावं म्हणून. तो प्रयोग 2025 मध्ये बंद झाला आणि पुस्तकं पुन्हा पूर्वीसारखी आली. भाऊजींची मापं चार भागांपैकी एका भागाची. प्रत्येक कव्हर कण्यापाशी बोटभर तोकडं. धाकटीकडे वळावं, तर पहिलीचा अभ्यासक्रमच त्या वर्षी नवा, पुस्तकं नवी, त्यांची मापं कुणालाच ठाऊक नाहीत.

दुसरा कुणी असता तर खचला असता. भाऊजींनी बाह्या सरसावल्या. जेवणाचं टेबल रिकामं करण्यात आलं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. खाकी कागदाची सुरळी, पारदर्शक प्लास्टिक, सेलोटेप, स्टेपलर, लोखंडी पट्टी. पुस्तक कागदावर उताणं ठेवायचं, कण्याला वर-खाली तिरके छेद द्यायचे, मधली जीभ आत दुमडायची, नखानं घडी दाबायची, मग पुठ्ठा खिशात सरकवायचा. हे करताना ते बोलत नाहीत. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येतं. सेलोटेपचं टोक सापडलं नाही की धाकटीला हाक, कारण तिचीच नखं तेवढी बारीक.

त्यांच्या वडिलांच्या हातची कव्हरं आणखी भारी असत म्हणे. तेव्हा खाकी कागदाला पैसे कोण घालवणार? रशियातून येणारी गुळगुळीत, रंगीत, स्वस्त मासिकं घरात यायची. सोविएत संघ 1991 मध्ये मोडला, पण यांच्या माळ्यावर तो पुढं चार-पाच वर्षं टिकला. भाऊजींचं शिवरायांच्या इतिहासाचं पुस्तक ट्रॅक्टर चालवणाऱ्या हसऱ्या रशियन बाईच्या वेष्टनात वर्षभर शाळेत जात होतं. ही गोष्ट ते दर जूनला सांगतात आणि सांगताना त्यांचे डोळे असे काही चमकतात की ही कव्हरं नक्की कुणाच्या पुस्तकांना चाललीयत, असा मला संशय येतो.

रात्री साडेअकराला सगळी पुस्तकं एकसारखी, चापूनचोपून, खाकी झाली. इतकी एकसारखी की गणित कुठलं आणि परिसर अभ्यास कुठला ते उघडल्याशिवाय कळेना. लेबलं ‘ब’ तुकडीची म्हणून लावलेली नव्हती. भाऊजींनी चारी बाजूंनी फोटो काढले आणि झोपायला गेले. टेबल ताईनं आवरलं. मग तिनं स्केचपेन घेतलं आणि एकेक पुस्तक उघडून वर नाव लिहिलं. याचा फोटो कुणी काढला नाही.

धाकटीच्या गठ्ठ्यात एक हिंदीची वहीही होती. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी अनिवार्य असा शासन निर्णय निघाला, तो भाऊजींनी पीडीएफ उघडून पूर्ण वाचला आणि वही घेतली. 17 जूनला सुधारित निर्णय आला, त्यात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आलं. भाऊजींनी लेबल काढलं, वही ठेवली. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. महाराष्ट्रात त्या वहीएवढा धोरणांचा जाच दुसऱ्या कुठल्या वहीनं सोसला नसेल. सध्या तिच्यात मांजरं आहेत. पानोपान, मिशांसकट.

दप्तराच्या वजनाकडे भाऊजी कायदेशीर नजरेनं बघतात. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर दप्तर जाता कामा नये, असं महाराष्ट्र सरकारनं 2015 मध्ये सांगितलंय. विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होताच. थोरली भरली चोवीस किलो. दप्तर टांगलं तर साडेतीन. झडती झाली. पाण्याची बाटली, दोन कंपासपेट्या, सहा खोडरबर (त्यातला एक डोसा, एक पिझ्झा), वाळूत सापडलेले शिंपले आणि एका मैत्रिणीनं ‘सांभाळायला’ दिलेला दगड. दगडावर घासाघीस झाली. थोरली म्हणाली, ‘बाबा, नियम दोन बाजूंनी पाळता येतो. तू मलाच पस्तीस किलो कर ना.’ भाऊजी निरुत्तर झाले. दगड राहिला.

पहाटेचा प्रश्न खरं तर सरकारनंच सोडवला होता. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश 2024 च्या फेब्रुवारीत निघाला आणि मुलींच्या शाळेनं तो पाळलाही. पण शाळा म्हणजे पहाट, हे भाऊजींच्या हाडीमाशी खिळलंय. पहिले दहा दिवस पाचचा गजर. तो वाजायचा भाऊजींच्या उशाशी आणि उठायची ताई.

फ्रिजवर डब्याचं वेळापत्रक लागलं. सोमवार थालीपीठ, मंगळवार मेथीचे पराठे, बुधवार उसळ-पोळी, वाराला वेगळा रंग, शेजारी प्रथिनांचा रकाना. थोरलीनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि बोट ठेवत म्हणाली, ‘कोण करणार, तो रकाना राहिलाय.’

शाळेच्या पहिल्या दिवशी भाऊजींनी अर्धी रजा टाकली. वेण्या घालायचाही हट्ट धरला. तीन पेड घ्यायचे, त्यात काय? एक वेणी कानाच्या वर सुरू झाली, दुसरी मानेपाशी. धाकटी एका बाजूला मान कलती ठेवून फाटकाशी गेली, म्हणजे वेण्या सरळ दिसतील. व्हॅन आली. भाऊजींनी काकांच्या हातात लॅमिनेट केलेला कागद ठेवला. आई, बाबा, मावशी, आजी, डॉक्टर, सगळ्यांचे नंबर. काकांनी तो उलटसुलट पाहिला, आदबीनं डॅशबोर्डवर ठेवला आणि भाऊजींच्या खांद्यावरून मागं बघत विचारलं, ‘मॅडम कुठंयत? धाकटीला उलटीची गोळी दिलीय का, विचारायचं होतं.’

वर्गाच्या पालक-ग्रुपवर भाऊजींना त्याच आठवड्यात घेतलं. तिथं माणसांना स्वतःची नावं नसतात, सगळ्या अमक्याची आई, तमकीची आई. भाऊजींनी दप्तराच्या वजनावर सविस्तर, मुद्देसूद मजकूर टाकला. खाली सतरा नमस्कार आले आणि एक प्रश्न : ‘ताई, उद्या पीटीचे बूट आहेत का?’

जून संपता संपता लक्षणं दिसू लागली. गजर आधी साडेपाचवर गेला, मग कायमचा गेला. फ्रिजवरच्या वेळापत्रकावर गॅसवाल्याचा नंबर लिहिला गेला. मोड आलेली मटकी उद्या शाळेत न्यायची आहे, हे धाकटीनं रात्री साडेनऊला जाहीर केलं तेव्हा भाऊजी म्हणाले, ‘हे आधी सांगायला नको का?’ आणि वर्तमानपत्रात गेले. त्यांना संपणारं काम आवडतं. वह्या आणल्या, संपल्या. कव्हरं घातली, संपली. मटकी संपत नाही. आज मटकी, उद्या चार्टपेपर, परवा पोटात दुखतंय, तेरवा ‘ती माझ्याशी बोलत नाही.’ याला कव्हर कसं घालणार?

आषाढी त्या वर्षी 6 जुलैला, रविवारी. म्हणून शाळेची दिंडी शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला : थोरली वारकरी, धाकटी रुक्मिणी, नऊवारी, डोक्यावर तुळस, शिवाय दोघींच्या वहीत पालकांची सही. एजबॅस्टनला कसोटी चालू होती, इंग्लंडची शेपटी गुंडाळायची बाकी होती. भाऊजी सोफ्यावर आडवे. ताईच्या तोंडात टाचण्या, हातात तिच्याच जुन्या साडीचा काष्टा, समोर धाकटी ‘मला गुदगुल्या होतात’ म्हणून गोल फिरतेय. मी समोरच्या काकूंकडे टाळ मागायला जाऊन आले.

थोरली वही घेऊन ताईपाशी उभी होती. ताईनं टाचण्यांमधूनच ‘थांब’ म्हटलं. भाऊजींनी ते ऐकलं आणि मोठ्या मनानं हात पुढं केला. ‘आण, मी करतो. बाबाची सही चालते की.’

थोरलीनं वही छातीशी धरली. ‘नको. बाईंनी आईचीच सही पाहिलीय. तू केलीस तर म्हणतील, हिनं खोटी सही केली.’

भाऊजींनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सिराजनं एकाचा त्रिफळा उडवला आणि विषय बदलला.