कासरा सुटलेलं क्रियापद

व्याख्यानाआधी माझी ओळख ‘शब्दप्रभू’ अशी करून दिली, की मी मान खाली घालतो. विनयानं नव्हे, हार नीट बसावा म्हणून. मग माझं हुकमी क्रियापद काढतो : उधळणे.

बैल उधळतो, घोडा चौखूर उधळतो. जेजुरीला भंडारा उधळतात, निवडून आल्यावर गुलाल. पोरगं आधी बापाचे पैसे उधळतं, मग गुण. आणि माझ्यासारखा वक्ता मुक्ताफळं. मूळ संस्कृत ‘उद्धूलन’, म्हणजे धूळ उडवणं. खुरानं उडवा नाहीतर मुठीनं. इथं टाळी येते. नाही आली तर मी पाणी पितो आणि वाट पाहतो.

बैलाचं मात्र थोडं सविस्तर सांगू द्या. बैल एकाएकी उधळत नाही. आधी कान टवकारतात, मग शेपूट पाठीवर येतं, मग मानेला एक हिसका. तेवढ्यात कासरा आवळला तर ठीक, नाहीतर बैलगाडी, जू आणि आमचे फुलंब्रीचे मामा, सगळं बांधापलीकडे. पोळ्याला तर विचारू नका. आदल्या संध्याकाळी हळद-लोण्यानं खांदे मळून घेतलेलं, लाडावलेलं जनावर. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घागरमाळा आणि कानाशी फटाक्यांची लड! एका पोळ्याला असाच एक बैल वेशीतून सुटला. लोक पांगले. मी पारावर उभा राहून शेजारच्या पोरांना या धातूची व्युत्पत्ती सांगू लागलो. मामा ओरडले, “लेका, अर्थ मागून सांग, आधी बाजूला हो!”

याच फुलंब्रीत, मार्च २०२३ मध्ये, गेवराई पायग्याचे सरपंच मंगेश साबळे गळ्यात नोटांची माळ घालून पंचायत समितीसमोर उभे राहिले आणि त्यांनी २ लाख रुपये उधळले. शेतकऱ्यांच्या विहिरी मंजूर करायला पैसे मागितले जातात, हा त्यांचा आरोप. व्हिडिओ पाहून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ‘फेकले’ नाही, ‘उधळले’च बरोबर! पुढच्या भाषणाला उदाहरण मिळालं म्हणून मी खूशसुद्धा झालो.

मग मात्र डोकं तापलं. विहीर ही काय चैन आहे? पाणी लागेल की नाही, हे जमिनीखालचं नशीब. त्याआधी टेबलाखालचं कशाला? कुणब्यानं सणाला बैलाची झूल नवी घेतली, लेकीच्या लग्नात चार पंगती जास्त उठवल्या, की आम्ही शहाणे ‘उधळपट्टी’ म्हणून लेख पाडतो. मीही पाडलाय, मानधन घेऊन. अन् कागद पुढं सरकावा म्हणून तोच जे मोजतो, त्याला आपण चहापाणी म्हणतो. पाण्यासाठी चहापाणी!

मामांकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पोळ्याला त्याच्याही बोनेटला गोंडे बांधतात. परवा मी जरा भाषणी सुरातच म्हणालो, “मामा, यंत्र आलं आणि एक जिवंत क्रियापद गेलं. ट्रॅक्टर काही उधळत नाही.”

“तो नाही उधळत,” मामा म्हणाले, “हप्ता चुकला की बँकवाला उधळतो.”