भावा, ओढायला त्याला तूच शिकवलंस

भावा,

हातकणंगलेतून आळत्याकडं, रामलिंगच्या डोंगराच्या दिशेनं सकाळी फिरायला जाणारे सगळे तुला ओळखतात. तुझ्याआधी तुझा मुधोळ कुत्रा दिसतो. जीभ बाहेर, श्वास घरघरणारा, पुढचे पाय जवळजवळ हवेत. त्याच्या मागं तू, तळहाताला साखळीचे वेढे मारून. परवा त्या साखळीचं मोकळं टोक तू त्याच्या बरगडीत हाणलंस आणि म्हणालास, "लय माजलंय बेणं." मारणं चारचौघांत झालं, म्हणून हे पत्रही चारचौघांत.

तो माजलेला नाही. वर्षाच्या आतबाहेरचं पोरगं आहे ते. अंगात ताकद आली, समज यायची आहे. त्यात जात पळायची. मुधोळ नजरेनं शिकार करतो. लांबवर काही हललं की त्याचे पाय आधी निघतात. भारत सरकारनं २००५ साली ज्या देशी कुत्र्यांची टपाल तिकिटं काढली त्यांत हा होता. पाहुण्यांना हे अभिमानानं सांगतोस ना? मग असा जीव दिवसभर गोठ्याच्या खांबाला का बांधतोस? बांधलेलं जनावर दिवसातून एकदा सुटतं तेव्हा ते ओढणारच.

आणि ओढायला त्याला शिकवलं कोणी? त्यानं कोंबडीच्या दुकानाकडं ओढलं, तू फरफटत गेलास. चौकातल्या कुत्र्यांकडं ओढलं, तिथंही गेलास. साखळी ताणली की पुढं जायला मिळतं, हा धडा तू त्याला रोज दिलास आणि त्यानं तो चोख पाठ केला. आता त्याच धड्याबद्दल त्याला मार बसतो. हा अन्याय आहे, भावा, आणि तो दिसत असूनही तू करतोस.

ओढलं की गळ्याभोवती आवळणारी चोक चेन घातली की आवाज बंद, असं तू म्हणतोस. बंद काय होतं, तर त्याचा श्वास. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली कृत्रिम मानेवर नाना तऱ्हेचे पट्टे ताणून दाब मोजला. ओढणाऱ्या कुत्र्याच्या मानेला इजेचा धोका राहणार नाही असा एकही गळपट्टा त्यांना सापडला नाही, रुंद आणि मऊसुद्धा. गळ्यातल्या पट्ट्यानं ओढताना डोळ्यांतला दाब वाढतो, हेही मोजून झालेलं आहे. मुधोळची मान तर लांब आणि सडपातळ. तिच्यावर लोखंड आवळायचं तुला धाडस कसं होतं?

कायदाही ऐक. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या ११ व्या कलमात आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवायला न नेणं हासुद्धा गुन्हा आहे. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड १० ते ५० रुपये. मुक्या जिवाच्या हालाची एवढीच किंमत ठेवली गेली याची मला चीड येते, पण दंड हलका म्हणून गुन्हा हलका होत नाही.

खोंडाला आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. हे शेतकऱ्याच्या पोराला मी सांगायला नको होतं. तर आता असं कर. आधी त्याला मोकळ्या, कुंपण असलेल्या जागेत पळू दे, वाफ जाऊ दे. मग छातीवर कडी असलेला हार्नेस घाल आणि पाचसहा फुटांची साधी कापडी दोरी लाव. कडी छातीवर असली की ओढल्यावर तो तुझ्याकडंच वळतो, आणि गळा सुटतो. सुरुवात अंगणात. खिशात उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे ठेव. तो तुझ्या पायाशी आला, दोरी सैल झाली, की त्याच क्षणी "शाब्बास" आणि तुकडा. दोरी ताणली की थांब. हिसका नाही, शिवी नाही, नुसतं थांबायचं. त्यानं मागं वळून पाहिलं, दोरी ढिली पडली की पुन्हा चालायचं. पहिल्या सकाळी दाराबाहेर जेमतेम जाशील. जाऊ दे. एकदा जरी ताणलेल्या दोरीवर पुढं गेलास, तरी जुना धडा पक्का होतो. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायचा, नाहीतर तो माणूस बघून ओढेल.

अंगणात जमलं की गल्ली, गल्लीत जमलं की आळत्याचा रस्ता. ऊस हंगामात गाणी लावून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येताना दिसला की आधीच बांधावर उतर, लांब उभा राहा आणि तो जाईपर्यंत एकेक तुकडा देत राहा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवून बघ. तुला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. आणि तो शिकेपर्यंत दोरी लहान पोराच्या हातात देऊ नकोस.

हार्नेस आणायला जाशील तेव्हा पुढच्या पायांमागून छातीचा घेर दोरीनं मोजून ने. मुधोळची छाती खोल आणि कंबर बारीक. लॅब्राडोरच्या मापाचा हार्नेस त्याला बसणार नाही, मागं सरकून तो त्यातून निसटेल. शक्य असेल तर कुत्र्यालाच बरोबर ने.

रोज त्याच वाटेनं फिरणारा एक